दोन जोड्यांवर सगळे चिंचोके कसे घालवावेत

ज्यांचा पिंड दिवाळीच्या तीन पत्तीवर पोसलाय, त्यांना पोकरमध्ये पहिल्यांदा दोन जोड्या लागतात तो क्षण मुंजीतल्या भिक्षावळीसारखा असतो. सगळीकडून येतंच आहे असं वाटतं. तीन पत्तीत पानंच तीन, त्यामुळे दोन जोड्या ही चीजच तिथे नाही. एक्क्यांची एक जोडी आली तरी माणूस मांडी बदलून बसतो. आणि इथे एकदम दोन! तेव्हा त्या वाया कशा घालवायच्या ते नीट समजून घ्या. गेली सहा वर्षं मी दर शनिवारी हेच करतो आहे, त्यामुळे हे अधिकारवाणीने बोलतोय असं धरून चाला.

आमचा अड्डा म्हणजे दादाच्या घरातली सतरंजी. पैसे लावत नाही, चिंचोके लावतो. एक तर आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा, त्याच्याशी या वयात ओळख कशाला वाढवा. आणि दुसरं म्हणजे वहिनीच्या डब्यात चिंचोके भरपूर आहेत. दाजी मधली दोन-तीन वर्षं मोबाईलवर खेळायला गेले होते. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, तसे ते पुन्हा सतरंजीवर आले. येताना शहाणे होऊन आले, हा आमच्या बाजूने कायद्याचा तोटा.

आता मुद्द्याचं. सगळ्यात आधी, कुठली पानं कुठल्यापेक्षा मोठी ते सांगणारा तो हातांचा तक्ता बघायचा नाही. त्यात दहा पायऱ्या असतात आणि दोन जोड्या वरून आठव्या पायरीवर असतात, त्यांच्या खाली फक्त एक जोडी आणि ठणठणगोपाळ. असली माहिती उत्साहाला मारक असते. आमच्या पोकरमध्ये हातात दोन पानं मिळतात आणि खाली सगळ्यांची मिळून पाच पडतात : आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग चौथं टर्न आणि पाचवं रिव्हर; या सातांतली उत्तम पाच मोजायची. खोटं कशाला बोलू, फ्लॉपवर दोन जोड्या लागल्या तर बहुतेक वेळा तुम्हीच पुढे असता. हातात दोन वेगळी पानं असताना फ्लॉपवर दोन्हींची जोडी जुळणं हे साधारण ४९ वेळांत एकदा होतं. पण गोम इथेच आहे. ४८ वेळा हात चोळत बसलेल्या माणसाला एकोणपन्नासाव्या वेळी कुणी सांगू नये की बाबा, हे अजून पिकलेलं नाही. तो ऐकणार नाही, आणि तुम्हीही ऐकू नका.

पानं जुळली की लगेच गनिमी कावा करायचा. आपण त्याच मुलुखातले, तो आपल्या रक्तात आहे. रेझ, म्हणजे डाव वाढवणं वगैरे, करायचं नाही. चेक म्हणायचं, म्हणजे काही न लावता बारी पुढे ढकलायची, आणि म्हणताना एक उसासा टाकायचा. पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा. छताकडे बघायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे की या बिचाऱ्याकडे काही नाही. मी हे करतो तेव्हा भाचा शेजारच्याच्या कानात सांगतो, "मामाला लागलंय काहीतरी, तांब्या घेतला बघ." तिकडे दुर्लक्ष करायचं.

या काव्याचा फायदा असा की समोरच्याला पुढची पानं फुकट बघायला मिळतात. समजा सतरंजीवर दोन बदाम पडलेत आणि कुणाच्या तरी हातात आणखी दोन आहेत. त्याला टर्न आणि रिव्हर दोन्ही बिनपैशात दाखवलंत तर तिनात एकदाहून थोडं जास्तच वेळा त्याचा फ्लश, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची, लागतो. दाखवा. आल्यागेल्याला चहा विचारायची आपली पद्धत आहे, दोन पानांना काय नाही म्हणायचं? तुमच्या स्वतःच्या हाताची प्रगती व्हायची तर अख्ख्या कॅटमध्ये चारच पानं कामाची, त्यातलं एखादं रिव्हरपर्यंत येऊन फुल हाउस (तीन सारखी आणि वर एक जोडी) व्हायचं ते साधारण सहात एकदा. म्हणजे वेळ जितका जाईल तितका तो इतरांच्या बाजूने जातो. म्हणूनच घाई करायची नाही.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून गेल्या शनिवारचा डाव सांगतो. मला किलवरची अठ्ठी-सत्ती आली. दाजींनी आधीच दहा चिंचोके वाढवले होते. दाजी पानं उचलतात, एकदा बघतात आणि वर चष्म्याचं घर ठेवतात. ते घर ठेवलं की पानं चांगली आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी कॉल केलं, म्हणजे तेवढेच लावले. वहिनीने पानं टाकली आणि शेपूची जुडी निवडायला घेतली. फ्लॉप आला : चौकट राजा, बदाम अठ्ठी, इस्पिक सत्ती. तीन पानं तीन रंगांची, कुठे फ्लशची भानगड नाही, आणि माझ्या दोन्ही पानांची जोडी लागलेली. कानशिलं गरम झाली.

दाजींनी वीस लावले. शहाण्या माणसाने इथे साठ केले असते. मी तांब्या घेतला. कॉल. टर्नला चौकट दुर्री. दुर्री म्हणजे पत्त्यांतलं शेंडेफळ, तिच्याकडे कोण बघतो? दाजींनी चाळीस लावले. मी पुन्हा नुसता कॉल. थोडं अजून पिकू दे, असं मनाशी म्हटलं. रिव्हरला काय यावं? इस्पिक दुर्री. दुसरं शेंडेफळ. दाजी चेक म्हणाले. आणि मी, उरलेले सगळे दीडशे चिंचोके दोन्ही हातांनी ढकलून, ऑल-इन.

दाजींनी चष्म्याचं घर उचललं, खालची पानं पुन्हा एकदा पाहिली, माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि कॉल म्हणाले.

मी पानं आपटली. "अठ्ठ्या, सत्त्या, आणि वर दुर्र्या! तीन जोड्या!"

"पानं पाचच मोजतात रे," असं म्हणत दाजींनी दोन एक्के ठेवले.

हे नीट समजून घ्या, कारण यासारखं सौंदर्य इतर कुठल्या हरण्यात नाही. मला कुणी हरवलं नाही. दाजींच्या हातात नवं काही आलं नाही. फ्लॉपवर त्यांच्याकडे एक जोडी होती आणि माझ्याकडे दोन. मग सतरंजीवर दुर्रीची जोडी पडली, ती दोघांचीही. त्यांचे झाले एक्के आणि दुर्र्या, माझ्या अठ्ठ्या आणि सत्त्या, वर पाचवं पान दोघांनाही राजाच. एक्का मोठा. माझ्या सत्त्या अजून माझ्याच होत्या, पण लग्न मोडल्यावर राहिलेल्या पत्रिकांसारख्या. भाच्याने नंतर कागदावर मांडून दाखवलं : फ्लॉपनंतर दाजींना चारात एकदाच जिंकायची संधी होती. एक्का आला असता तरी मी गेलो असतो, राजा आला असता तरी गेलो असतो, आणि दुसऱ्या कुठल्याही पानाची जोडी खाली लागोपाठ पडली असती तरीही. म्हणजे जवळपास अख्खी कॅट मला थोडी थोडी घाबरवत होती, फक्त मला ते कळलं नव्हतं.

आता तंत्र बघा. चारातले तीन डाव माझे होते तेव्हा मी उसासे टाकत दाजी लावतील तेवढेच चिंचोके लावत होतो. आणि शून्य डाव माझे होते तेव्हा मी कर्ण झालो. पुढे असताना कवडीचुंबक आणि मागे पडल्यावर दानशूर, एवढं एक जमलं की बाकी सगळं आपोआप होतं. बरं, ऑल-इन लावून मला मिळणार काय होतं? माझ्यापेक्षा कमी पानांवर दाजी दीडशेला कॉल करणार होते का? हातात छक्क्यांची जोडी घेऊन बसलेला माणूसही तांब्या पाहून पानं टाकतो. म्हणजे ज्याला मी हरवलं असतं तो पळाला असता, आणि ज्याने मला हरवलं असतं तोच थांबला असता. थांबलाच.

या सगळ्याला एकच अपवाद म्हणजे वहिनी. मागच्या महिन्यात तिला राणी आणि दश्शीच्या दोन जोड्या लागल्या होत्या, आणि खाली चार बदाम पडले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांनी पन्नास लावले. वहिनीने दोन सेकंद काकांकडे पाहिलं आणि दोन्ही पानं उघडी करून टाकून दिली. "दोन जोड्या टाकल्या?" आम्ही ओरडलो. ती म्हणाली, "खाली चार बदाम आहेत भावजी. काका दोन तासांत पहिल्यांदा बोललेत." असल्या माणसांना खेळाची मजाच कळत नाही. रात्री चिंचोके मोजले तर निम्मे तिच्याकडे होते, पण ते मूळचेच तिच्या डब्यातले, म्हणून आम्ही ते धरत नाही.

आपण एकटे नाही, हा दिलासा इतिहास देतो. लास वेगासला पोकरची जागतिक स्पर्धा होते, तिथे १९७६च्या शेवटच्या डावात जेसी आल्टोकडे एक्का-गुलाम होते आणि फ्लॉप आला एक्का, गुलाम, दश्शी. दोन जोड्या, त्याही सगळ्यात वरच्या. समोर डॉइल ब्रन्सन दश्शी-दुर्री घेऊन बसला होता, म्हणजे आपण जी पानं न बघता टाकतो ती. टर्नला दुर्री, रिव्हरला दश्शी. ब्रन्सनचं फुल हाउस, आणि २ लाख २० हजार डॉलर. पुढच्या वर्षी शेवटच्या डावात पुन्हा ब्रन्सन, पुन्हा दश्शी-दुर्री. समोर गॅरी बर्लँड, अठ्ठी-पंजी. फ्लॉप दश्शी, अठ्ठी, पंजी. म्हणजे बर्लँडलाही दोन जोड्या. टर्नला दुर्री, रिव्हरला दश्शी! सत्यनारायणाच्या कथेतही गोष्टी इतक्या हुबेहूब परत घडत नाहीत.

त्याच्याही मागे गेलात तर अमेरिकेतलं डेडवूड गाव, २ ऑगस्ट १८७६. नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा, त्या दिवशी ती खुर्ची मिळाली नाही. जॅक मॅकॉल मागून आला आणि त्याने डोक्यात गोळी घातली. हिकॉकच्या हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या असं सांगतात. दोन जोड्याच. दंतकथा असेल, पण मला पटते. दोन जोड्या हातात असलेला माणूस मागे वळून बघत नाही, हे मी आमच्या सतरंजीवर दर आठवड्याला पाहतो. बिचाऱ्याने रिव्हर तरी पाहिला नाही.

हरून झाल्यावरचं काम महत्त्वाचं, ते अर्धवट सोडू नका. झालेला डाव किमान आठ दिवस, किमान दहा जणांना, पानापानासकट सांगायचा. ऑफिसात, लिफ्टमध्ये, दाढी करताना न्हाव्याला. सांगताना सुरुवात फ्लॉपपासून करायची आणि थेट रिव्हरवर उडी मारायची; मधले तांब्याचे दोन घोट गाळायचे. "दुर्रीवर दुर्री आली हो!" एवढ्यावर थांबायचं. ऐकणारा चुकचुकला पाहिजे. "पण तू फ्लॉपलाच का नाही वाढवलंस?" असं कुणी विचारलं तर त्याला पोकर कळत नाही असं समजावं. माझ्या बायकोने विचारलं होतं.

तर त्या रात्री दाजींनी चिंचोके ओढून घेतले, भाच्याने पत्ते पिसले आणि वाटायला घेतले. माझ्यापुढे एकही चिंचोका नव्हता. वहिनी शेपूच्या काड्या गोळा करत म्हणाली, "भावजी, शेंगदाणे देऊ का मूठभर? पण खायचे नाहीत, लावायचे."

मी मूठभर घेतले आणि पानं उचलली. इस्पिक दश्शी, बदाम दुर्री. मला ब्रन्सन आठवला. मी तांब्या बाजूला सरकवला आणि सगळे शेंगदाणे पुढे केले.