बोर्डात दोन टक्क्यांनी नापास

आमचा मामा दहावीला एकदा गचकला होता हे अख्ख्या गावाला माहितीय, पण साठीला टेकल्यावर तो परत बोर्डात नापास होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. यावेळचं बोर्ड म्हणजे सिव्हिलमधलं मेडिकल बोर्ड. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचा डावा पाय बारीक आणि आखूड, हाताने लिहिलेल्या जुन्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४५ टक्के होते, ते ऑनलाइन करून दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र काढायला गेला आणि ३८ घेऊन आला. पिवळं कार्ड मिळायचं ते पांढरं मिळालं. चाळीसच्या खाली म्हणजे एसटीची ७५ टक्के सवलत गेली, आणि निराधारचे पैसे, जे आत्ता कुठे १५०० चे २५०० झाले होते, तेही गेल्यात जमा. दहावीला पस्तीसला सोडतात हो, इथे चाळीस लागतात.

शिकलेला भाचा म्हणून रिचेकिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उघडला, कलम ५९ सापडलं, अपील करता येतं म्हणे, एकदम काळा कोट घातल्यासारखं वाटायला लागलं. पण विरोधी पार्टी सरकार नसून मामाच आहे हे अर्ज लिहायला बसल्यावर कळलं.

"मांडी घालून बसता येत नाही," मी लिहिलं.

"खोड ते. सत्यनारायणाला बसलो होतो की."

"मामा, खुर्चीवर बसला होतास तू. फोटो आहे."

"तो पाचव्या अध्यायाचा फोटो आहे."

जिना चढताना कठडा धरावा लागतो असं लिहिलं तर म्हणतो, मग कठडा बांधतात कशाला?

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपण लंगडत नाही हे दाखवण्यात या माणसाने आयुष्य घालवलंय, चांभाराकडून डाव्या बुटाला टायरचा जाड तळ ठोकून घेतो, आणि बोर्डापुढेही तोच बूट, कडक इस्त्रीचा शर्ट घालून मुलगी बघायला गेल्यासारखा ताठ चालत गेला. काका, काय त्रास होतो? तर म्हणे, "काही नाही साहेब, देवाच्या कृपेने उत्तम." एवढं होऊन ३८ दिले ही खरं तर साहेबांची कृपा.

दुसऱ्या तपासणीला जाताना मी दम दिला होता, तोंड उघडायचं नाही. त्याने बाहेरच्या बाकावर तीन तासांत सगळं बोलून घेतलं, कुणाला आधारची झेरॉक्स किती लागते, कुठलं टेबल आधी, रांगेला हाच क्लार्क वाटायला लागला. आतल्या मॅडमनी मात्र काही विचारलंच नाही, फक्त बूट काढा म्हणाल्या. "राहू दे की," मामा म्हणाला. त्यांनी टेप काढली, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले, पोटरीचा घेर घेतला, मग अनवाणी उभं राहायला सांगितलं. मामाचा हात भिंत शोधत होता. मी खिडकीबाहेरचं पार्किंग बघत बसलो.

महिन्याभराने पोर्टलवर आकडा दिसला, मी लगेच फोन लावला, उचलला मामीने.

"किती पडले?"

"सेहेचाळीस."

पलीकडे जरा वेळ कुकरचीच शिट्टी. मग म्हणाली, "अगंबाई, दहावीपेक्षा जास्त!"