खंडोबाचा वार आणि थकलेलं भाडं

नमस्कार,

मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "देवाच्या नावाने गरीब संघटित होत नाही, गप्प बसतो. गिरणगाव लाल बावट्याने उभं केलं, टाळ-मृदंगाने नव्हे."

लाल बावट्याचं ऋण मीही मानतो. पण लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन १९२८ची. त्याच्या ४४ वर्षं आधी, सप्टेंबर १८८४मध्ये, परळला लोखंड्यांच्या पुढाकाराने कामगार जमले आणि ५,५०० जणांनी अर्जाला पाठिंबा दिला. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार. गप्प बसणारी माणसं असं मागतात का? आणि रविवारच का? तो खंडोबाचा वार, असं लोखंडे सांगत. घाटावरून आलेल्या माणसाला याहून जास्त काही समजवावं लागत नव्हतं. सत्यशोधक समाज काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी खंडोबाला बळीराज्यातला अधिकारी मानलं होतं, म्हणजे सत्यशोधकांना हा देव परका नव्हताच. मध्यस्थ भटजी त्यांना नको होता. निर्मिक, म्हणजे सगळ्यांना घडवणारा एकच देव, हवा होता, ज्याच्यापुढे मालक आणि कामगार सारखे. १० जून १८९०ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. अमेरिकेत मेम्फिसला १९६८च्या फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार गेले, आणि सुमारे १,३०० जण संपावर गेले. त्यांच्या सभा चर्चमध्ये भरत. धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठीच तिथे गेले होते. ४ एप्रिलला मेम्फिसमध्येच किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला युनियनला मान्यता आणि पगारवाढ मिळाली.

तरी तुमचं म्हणणं मला टोचलं, कारण ते मी पाहिलंय. आमच्या चाळीच्या पुनर्विकासात बिल्डरने देवळाला संगमरवर दिला. मग बिल्डरने आम्हाला द्यायच्या, थकलेल्या भाड्याचा विषय काढला की एखादा ज्येष्ठ हात वर करायचा, "देवाच्या दारात नको." सात महिने असेच गेले. त्या सात महिन्यांत तुमचं वाक्य शब्दशः खरं होतं.

पण थकबाकीची यादी शेवटी केली ती हरिपाठाला जमणाऱ्या बायकांनीच. एकादशीला, त्याच संगमरवरी पायरीवर बसून, घराघराचा आकडा विचारत. पहिलं पान माझ्या आईच्या अक्षरात आहे.