आधारकार्ड फुकटच्या साइटवर कशाला?
फॉर्म भरायचे दिवस आले की नाशिकमध्ये, सीबीएसपासून सिडकोपर्यंत, तोच घोळ! पोर्टल आयफोनचा एचईआयसी (आयफोन फोटो ज्या प्रकारात साठवतो तो) फोटो घेत नाही, की लगेच आधारकार्डाचा फोटो कुठल्यातरी फुकटच्या कन्व्हर्टर (फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या) साइटवर चढवलं जातो. अहो, कशाला? फोटो आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, क्विक ॲक्शन्स, कन्व्हर्ट इमेज, जेपेग. आयओएस १६ पासून ही सोय फोनमध्येच आहे, इंटरनेटही लागत नाही. आणि नुसतं नाव बदलून शेवटी जेपीजी (म्हणजे जेपेगच) लिहू नका! आतली फाइल एचईआयसीच राहते, पोर्टल पुन्हा नाकारतं. पुढचे फोटो थेट जेपेग हवेत तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. जागा साधारण दुप्पट लागते, लागू द्या. ‘फोटोज’ ॲपमधून पाठवताना शेअरच्या ‘ऑप्शन्स’मधलं लोकेशन तेवढं बंद करा, नाहीतर घराचा ठावठिकाणाही सोबत जातो.