काट्याला चरबी दिसत नाही

आज सकाळी आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वर्दीतला जाडसर माणूस पळतोय, धापा टाकतोय आणि खाली लिहिलंय, ‘हे करणार देशाचं रक्षण!’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांगच रांग. हसणाऱ्यांपैकी कोणी दहावीनंतर कधी एक किलोमीटर पळालं असेल असं मला वाटत नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत ते पाहिलं आणि दुपारभर डोकं तापलेलंच राहिलं. इथे लिहितेय, कारण इथे माझी माणसं आहेत. फौजीच्या शरीराची टिंगल तुम्हालाही सहन होणार नाही, हे मला माहीत आहे.

माझा धाकटा भाऊ हवालदार आहे. युनिट लिहीत नाही, नाव लिहीत नाही. आम्ही खानदेशातले, बोरी नदीच्या काठचे, पारोळ्याकडचे. पोरगा लहानपणापासून तालमीत वाढला, जत्रेतल्या कुस्त्या मारून आलेला. मान, खांदे, मांड्या सगळं भरलेलं, आणि हाडं वडिलांची. गेल्या वर्षी त्याचं मेडिकल झालं. उंची आणि वयाच्या तक्त्यात जे वजन बसायला हवं, त्याच्या पुढे काटा गेला. झालं, कॅटेगरी लागली, म्हणजे कागदावर तो पूर्ण तंदुरुस्त राहिला नाही. त्याच सुमारास बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, हाच गडी पाच किलोमीटर पळाला, दोर चढला, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार केला आणि ‘एक्सलंट’ घेऊन आला. पण प्रमोशनची गोष्ट निघाली तेव्हा कागदावर दिसलं ते फक्त वजन.

फोनवर मला आमच्या अहिराणीत म्हणाला, “ताई, मी पयस, दोर चढस, खड्डा कुदस. चरबी कोठे शे ते तरी दखाडा म्हना.”

या प्रश्नाचं उत्तर काट्याकडे नाहीच. कापसाची गाडी काट्यावर चढवली म्हणून आत रुई किती, सरकी किती आणि ओल किती हे कळतं का? जिनिंगवाला आधी उतारा बघतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, मग माणसाच्या बाबतीत हे शहाणपण जातं कुठे?

ही गोष्ट आजची नाही. १९४२ साली अमेरिकन नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळणाऱ्या २५ धिप्पाड व्यावसायिक खेळाडूंचं वजन पाण्याखाली करून पाहिलं. चरबी पाण्यावर तरंगते, स्नायू आणि हाडं बुडतात, या हिशेबावर चालणारी ती पद्धत. त्या २५ पैकी १७ जण फौजेच्या वजनाच्या नियमाने अपात्र ठरत होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अंगावर चरबी कमीच निघाली. ऐंशी वर्षं उलटून गेली. माझा भाऊ त्या सतरा जणांच्या रांगेत अजून उभा आहे.

मग म्हणतात टेप लावा. अमेरिकेत टेपवर चाळीस वर्षं फौज चालली. १९८४ मध्ये त्यांच्या नौदलाच्या संशोधकांनी सूत्र काढलं : पुरुषाची मान मोजा, कंबर मोजा, उंची घाला, की चरबीचा टक्का मिळतो. या सूत्रात मान जितकी जाड तितकी चरबी कमी निघते. चूक किती? तीन-चार टक्क्यांची. ऐकायला थोडी वाटते. पण तिथल्या लष्करात २८ ते ३९ वयाच्या पुरुषाला मर्यादा होती २४ टक्क्यांची. टेपने २५ दाखवली, तर खरी २२ही असू शकते आणि २८ही. एवढ्या फरकात एका माणसाची नोकरी अडकते. त्यात टेप धरणारा कोण, किती ओढून धरतो, श्वास सोडायच्या आधी मोजतो की नंतर, यावर आकडा पुन्हा हलतो.

यंत्रांचं तर विचारूच नका. रजेवर आला होता तेव्हा भाऊ मेडिकलच्या धास्तीने जेवण तोडून होता, पाणीसुद्धा मोजून घोट घोट. धुळ्याच्या एका जिममध्ये ते पाय ठेवून उभं राहायचं मशीन होतं. वजन कमी दिसलं आणि चरबीचा टक्का मात्र आधीपेक्षा वाढलेला! मी चक्रावले. नंतर समजलं की ते यंत्र अंगातून बारीक वीज सोडतं आणि अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी कमी झालं की त्याला चरबी जास्त वाटते. म्हणजे काट्यासाठी तहानलेला राहिलेला माणूस यंत्रापुढे लठ्ठ ठरतो.

त्या रजेत आईने कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. ताट तसंच राहिलं. आई मला बाजूला घेऊन विचारत होती, “पोऱ्या उपाशी का ऱ्हास वं?” मी काय सांगू तिला? चाळिशीला टेकलेला, अंगाने असा भक्कम माणूस, आईच्या हातचं ताट सरकवतो, का तर तक्त्यात बसायचंय. हे आठवलं की माझा राग जातो आणि नुसतं वाईट वाटत राहतं.

लठ्ठपणा फौजेतही वाढलाय, हे मान्य. उंचावर, थंडीत जाड माणसाच्या हृदयाची काळजी डॉक्टरांनी करायलाच हवी, हेही मान्य. पण मग चरबीच मोजा ना!

आणि तक्ता ज्यांना पास करतो त्यांचं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! तक्त्याला दोघे सारखेच. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. साखर त्यांना होते, झटका त्यांना येतो आणि काटा त्यांना शाबासकी देतो. कुस्तीगिराला पकडणारा आणि यांना सोडणारा नियम कोणाच्या तब्येतीची काळजी घेतोय?

डेक्सा नावाचं स्कॅन आहे. दोन प्रकारचे क्ष-किरण सोडून हाड, चरबी आणि बाकीचं मांस वेगळं दाखवतं. तेही शंभर टक्के बिनचूक नाही आणि दर छावणीत ते ठेवता येणार नाही, हे मलाही कळतं. चिमट्याने कातडीची घडी मोजायची पद्धत स्वस्त आहे, पण तिला सरावलेला हात लागतो. सगळ्यांचं स्कॅन करा असं मी म्हणतच नाही. जो पळतो, चढतो, उडी मारतो आणि तरी तक्त्याबाहेर जातो, त्याचं करा. असे किती निघतील एका युनिटमध्ये? त्यांना गाडीत घालून मोठ्या लष्करी रुग्णालयात नेणं एवढं अवघड आहे का?

अमेरिकेच्या लष्कराने २०२३ मध्ये साधारण हेच केलं. मान मोजणं बंद, फक्त बेंबीवरची कंबर आणि वजन. तेव्हाच्या फिटनेस चाचणीत ६०० पैकी ५४० आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० गुण मिळवले तर चरबीच्या मोजणीतून सूट दिली. आणि टेपमध्ये नापास झालेल्याला डेक्सासारख्या यंत्रावर पुन्हा मोजून घ्यायची सोय केली.

भावाच्या कॅटेगरीचं रिव्ह्यू, म्हणजे फेरतपासणी, जवळ आलंय. काल त्याला म्हटलं, “या वेळी डॉक्टरांपुढे बीपीईटीचा निकाल ठेव, नीट मोजा म्हणून सांग.” तो म्हणाला, “ताई, तेथे बोलाले जागा नही.”

ही जागा त्याला मिळायला हवी. टेप मला मान्य नाही, यंत्रावर मोजा, असं २०२३च्या त्या नियमाने तिकडच्या शिपायाला म्हणता आलं. माझ्या भावालाही ते खाली मान न घालता म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हणल्याबद्दल त्याच्या कागदावर वेडीवाकडी नोंद होता कामा नये.