फेस आला तरच फिट? तसं नाही

‘तोंडाला फेस आला, हातपाय झटकले तरच ती फिट, लगेच कांदा किंवा चप्पल हुंगवा, दातांत चमचा घाला,’ असा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. कृपया तो पुढे पाठवू नका.

झटके येणारी फिट हा अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याच्या आजाराचा, एक प्रकार झाला. दुसरा प्रकार इतका शांत असतो की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. मुलगी धडा वाचत असते, वाक्याच्या मध्येच थांबते. नजर एका जागी खिळते, पापण्या किंचित फडफडतात, हाक मारली तरी ओ देत नाही. दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा वाचू लागते, मधलं काही तिला आठवत नाही. दिवसातून असं अनेकदा होऊ शकतं, आणि बिचारीला ‘लक्ष नसतं’ म्हणून ओरडा बसतो! हे मला फार लागतं. काहींची फिट मेंदूच्या एकाच भागात सुरू होते: एक हातच थरथरतो, नसलेला वास येतो, किंवा माणूस भान हरपून ओठ चावत, शर्टाचं बटण चाचपत राहतो.

कांद्याने, चपलेने फिट थांबत नाही; ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. चमच्याने दात तुटतात. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना निदानासाठी त्याचा खूप उपयोग होतो.