धूर फुप्फुसात गेला नाही, तरी निकोटिन रक्तात जातंच

पाइप ओढणाऱ्या मंडळींत एक दावा मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असतो. तो थोडक्यात असा : फ्लेक ही पाइपची तंबाखू म्हणजे नुसतं दाबून कापलेलं पान, त्यात रसायन नसतं. पाइपचा धूर आत घेत नाहीत, त्यामुळे निकोटिन रक्तात उतरत नाही. फ्लेक जितका काळा तितका कडक, आणि जीभ भाजली तर तो त्या कडकपणाचाच पुरावा. पाइपवाले आइन्स्टाइन म्हातारपणापर्यंत जगलेच ना! आणि शेवटी हुकमाचा एक्का : अमेरिकन सरकारच्या धूम्रपानावरच्या १९६४ च्या अहवालानुसार पाइप ओढणारे लोक अजिबात न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात.

मी स्वतः फ्लेक ओढतो आणि तो मला मनापासून आवडतो. उत्तर इंग्लंडमधल्या केंडलचा, मुरलेल्या व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचा डबा उघडला की वाळल्या गवताचा आणि सुक्या अंजिरांचा जो वास येतो, तो मला इतर कुठल्याही तंबाखूत मिळालेला नाही. म्हणूनच हा दावा मला खटकतो. तो वाचून पाइप घेणारा नवा माणूस रिकाम्या पोटी केंडलचा डार्क फ्लेक भरतो, अर्ध्या तासात घामाघूम होऊन भिंतीला टेकतो आणि त्याला काय झालं हे कुणी सांगत नाही. ज्याला या तंबाखूची खरी गोडी आहे, त्याने तिच्याबद्दल खरं तेच सांगावं.

आधी ‘नुसतं पान’ या गोष्टीकडे वळू. फ्लेक करताना पानाची मधली शीर काढतात, पान वाफेवर नरम करतात, थरावर थर रचून उष्णता आणि दाब देऊन लादी बनवतात, ती मुरू देतात आणि मग तिचे पातळ काप काढतात. या मुरण्यातच फ्लेकची सगळी खुमारी आहे. पानातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांवर काम करतात, रंग गडद होतो, कच्चा तिखटपणा जाऊन गोलाई येते. चांगला व्हर्जिनिया फ्लेक बंद डब्यात वर्षानुवर्षं सुधारत जातो, त्याचंही कारण हेच. थोडक्यात, ज्या चवीसाठी आपण पैसे मोजतो, ती मुळात रासायनिक बदलांतूनच आलेली असते.

याशिवाय बाहेरून घातलेलं वेगळं. अनेक मिश्रणांत साखर, ज्येष्ठमध, रम यांचा हात असतो. केंडलच्या प्रसिद्ध ‘१७९२ फ्लेक’ला टोंका बियांचा सुवास देतात. या बियांत कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य असतं, आणि ते खाद्यपदार्थांत घालायला अमेरिकेत १९५४ पासून बंदी आहे. वास अप्रतिम आहे, मी नाकारत नाही. पण त्या डब्याला ‘नुसतं पान’ म्हणता येणार नाही.

आणि समजा बाहेरून काहीच घातलेलं नाही. तरीही पान वाळवताना आणि मुरवताना त्यातल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडांपासून नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. डार्क फ्लेकचा कणा म्हणजे धुरी देऊन वाळवलेलं पान, जसं मलावीत किंवा अमेरिकेतल्या केंटकीत पिकतं. त्या पानावर लाकडाच्या धुरातले बेन्झोपायरीनसारखे कर्करोगकारक घटक बसलेले असतात. त्याचा तो भाजका, मांसल वास धुरीतूनच येतो आणि हे घटकही धुरीतूनच येतात. पेटवल्यावर निघणारा कार्बन मोनॉक्साइड तर पान कितीही शुद्ध असलं तरी निघणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा : ‘धूर आत घेत नाही, म्हणून निकोटिन लागत नाही.’

हे चूक आहे, आणि का चूक आहे ते मराठी माणसाला समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळताना चुना घालतात. चुन्याशिवाय ती तंबाखू फारशी ‘लागत’ नाही. चुना अल्कली आहे. अल्कली वातावरणात निकोटिन मोकळ्या रूपात येतं, आणि मोकळं निकोटिन गालाच्या आणि हिरडीच्या अस्तरातून सरळ रक्तात शिरतं. आम्लधर्मी वातावरणात ते बांधलेलं राहतं आणि तोंडातून फारसं शोषलं जात नाही. पीएच हे आम्ल-अल्कली मोजायचं माप. पीएच ८ च्या आसपास जवळपास निम्मं निकोटिन मोकळं असतं. पीएच ६ ला शेकडा एकच.

सिगारेटमध्ये वापरतात त्या, भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया पानाचा धूर आम्लधर्मी असतो. म्हणून सिगारेटवाल्याला तो छातीत ओढावा लागतो, नाहीतर त्याची तलफ भागत नाही. हवेवर किंवा धुरीवर वाळवलेल्या काळसर पानात साखर जवळजवळ नसते आणि त्याचा धूर अल्कलीकडे झुकतो. तो तोंडात नुसता घोळवला तरी निकोटिन आपलं काम करतं. चुना मळलेल्या तंबाखूत जे घडतं तेच इथे धुरातून घडतं. कडक फ्लेक ‘कडक’ लागतो तो बऱ्याच अंशी याच कारणाने, आणि व्हर्जिनिया फ्लेक तेवढ्याच निकोटिनचा असूनही सौम्य वाटू शकतो तोही याच कारणाने.

फरक आहे तो वेगाचा. छातीत ओढलेल्या सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. तोंडातून जाणारं हळूहळू चढतं. म्हणून नवखा फसतो. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, तो म्हणतो एवढंच काय, आणि झुरके वाढवतो. बाउल, म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा खळगा, अर्ध्यावर येतो तेव्हा उचकी लागते, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर थंड घाम येतो, मळमळतं. कधीकधी तर पाइप खाली ठेवून उठल्यावरच पायाखालची जमीन हलते. याला आपल्याकडे साधे शब्द आहेत : तंबाखू लागली. अशा वेळी पाइप बाजूला ठेवावा, मोकळ्या हवेत बसावं, पाणी प्यावं. जेवल्याशिवाय कडक फ्लेक भरू नये, आणि पहिल्यांदा भरताना एका कापाचा अर्धा तुकडाही पुष्कळ होतो. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड राहिली तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरकडे जावं.

‘जितका काळा तितका कडक’ हे लवकर निकालात निघतं. लाटाकिया हे जवळपास काळंकुट्ट पान आहे, पण ते पूर्व भूमध्य प्रदेशातलं, धुरी दिलेलं ‘ओरिएंटल’ जातीचं पान असून त्यात निकोटिन कमीच असतं. वाफेवर दाबलेला व्हर्जिनिया फ्लेक चॉकलेटी-काळा दिसतो आणि निघतो मध्यम. रंग सांगतो की पानाला उष्णता, दाब आणि धूर किती मिळाला. कडकपणा शेतात ठरतो : जात कोणती, खत किती, पान झाडाच्या कुठल्या उंचीवरचं. वरच्या पानांत निकोटिन जास्त असतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात विडीची तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो शेंडा खुडतो, बगलफूट काढतो, मग झाडाची सगळी ताकद पानांत उतरते आणि माल तेज होतो. डब्यातला रंग बघून ताकद ओळखू म्हणणाऱ्याने एकदा अशा शेतकऱ्याशी बोलून पाहावं.

जीभ भाजण्याचा आणि कडकपणाचा तर फारच थोडा संबंध आहे. जीभ बहुतेक वेळा भाजते ती गरम वाफेने आणि घाईने. केंडलचे फ्लेक बऱ्याचदा ओलसर येतात. डब्यातून काढून तसेच ठासले की पेटत नाहीत, मग माणूस जोराने ओढतो, पुन्हा पुन्हा काडी लावतो, वाफ तयार होते आणि जिभेला चटका बसतो. साखर जास्त असलेला सौम्य व्हर्जिनिया या बाबतीत कडक डार्क फ्लेकपेक्षा जास्त त्रास देतो, हे दोन्ही ओढलेल्या कुणालाही विचारा.

इथे थोडा रेंगाळतो, कारण फ्लेकचं खरं कौतुक या हाताळणीत आहे. काप कागदावर पसरून ठेवावेत, बोटांना ओलावा जाणवेनासा झाला पण पान चुरचुरीत झालं नाही, की थांबावं. मग दोन रस्ते. एक तर काप आडवा दुमडून, थोडा पिळून तसाच बाउलमध्ये बसवायचा. तो सावकाश जळतो आणि चव थरांनी उलगडते. नाहीतर तळहातावर चोळून मोकळा करायचा. पेटवायला सोपा, पण जरा गरम जळतो. दुमडलेल्या कापाला हवा जायला जागा ठेवायलाच हवी, ठासून भरला की तो विझतो. पहिली काडी फक्त वरचा थर फुलवायला. फुललेला थर टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने, अलगद बसवायचा आणि मगच खरा पेटवायचा. त्यानंतर पाइप विझणार नाही इतपतच ओढायचं. पाइपचं लाकूड गालाला लावून चटका बसत असेल तर आपण घाई करतो आहोत. विझला तर विझू द्यावा. चांगल्या फ्लेकचा एक बाउल तासभर सहज चालतो, आणि व्हर्जिनियाची पावासारखी गोडी बाउलच्या मधल्या एक तृतीयांश भागात येते. जोरात ओढणाऱ्याला ती मिळत नाही.

आता तो १९६४ चा एक्का. अहवाल खरा आहे. ११ जानेवारी १९६४ रोजी सर्जन जनरल, म्हणजे अमेरिकन सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी, ल्यूथर टेरी यांनी तो जाहीर केला. सध्या पाइप ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त दिसत नाही, असं त्यात म्हटलं आहे, हेही खरं. ‘जास्त जगतात’ हा निष्कर्ष मात्र त्यात नाही, तो पुढे पाठवणाऱ्यांनी जोडला आहे. त्याच अहवालात ओठाच्या कर्करोगाशी पाइपचा कार्यकारण संबंध मान्य केलेला आहे. तो भाग फिरणाऱ्या मजकुरातून गायब असतो. पाइप सोडलेल्यांचा मृत्युदर ओढत राहिलेल्यांपेक्षा जास्त असल्याचीही त्यात नोंद आहे, आणि बरेच जण आजारपणामुळे सोडत असावेत अशी शक्यता तिथेच मांडली आहे. आजारी पडलेले असे बाजूला गेले की ‘सध्या ओढणाऱ्यांत’ उरलेले लोक अधिक धडधाकट दिसणारच.

शिवाय १९६४ नंतर विज्ञान थांबलेलं नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ पासून १८ वर्षं पाठपुरावा केलेल्या सुमारे १ लाख ३८ हजार पुरुषांच्या माहितीवरून फक्त पाइप ओढणाऱ्यांची तुलना तंबाखूला कधीच न शिवलेल्यांशी झाली, आणि तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाइपवाल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका ५ पट, तोंड व घशाच्या कर्करोगाचा जवळपास ४ पट, स्वरयंत्राच्या कर्करोगाचा १३ पट, आणि सीओपीडी या श्वसनविकाराचा सुमारे ३ पट आढळला. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढलेला होता. सिगारेटच्या तुलनेत हे धोके सर्वसाधारणपणे कमी होते, असंही त्याच अभ्यासात आहे, आणि तेही सांगितलंच पाहिजे. पण सिगारेटपेक्षा कमी म्हणजे शून्य नव्हे. जो सिगारेट सोडून पाइपकडे येतो त्याला छातीत ओढायची सवय असते आणि ती सुटत नाही. त्याच्यासाठी तर ‘कमी’ हा शब्दही जपून वापरावा लागेल. संध्याकाळी फ्लेकबरोबर व्हिस्की घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : तोंड आणि घशाच्या कर्करोगाच्या बाबतीत दारू आणि तंबाखू एकमेकींचा धोका नुसता वाढवत नाहीत, गुणतात.

आइन्स्टाइन १८ एप्रिल १९५५ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, पोटातल्या महारोहिणीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा, फुगवटा फुटून गेले. या विकारासाठी धूम्रपान हा टाळता येण्याजोग्या कारणांपैकी सर्वांत मोठा धोका मानला जातो. त्यांना तो पाइपमुळेच झाला असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून ते ठरत नाही. पण मग एका माणसावरून पाइप निर्धोक आहे हेही ठरत नाही.

या दाव्याला हल्ली आणखी एक शेपूट जोडलेलं दिसतं : ‘पाइपचा वास घरच्यांना आवडतो, त्यामुळे घरात ओढायला हरकत नाही.’ टोंका किंवा व्हॅनिलाचा वास आवडला म्हणून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण कमी होत नाहीत, आणि तासभर धुमसणारा बाउल बंद खोलीत पुष्कळ धूर सोडतो. त्या खोलीतल्या मुलाने पाइप निवडलेला नसतो. मी गॅलरीत ओढतो, दार लावून. डबा कपाटात वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावलेला असतो, कारण गोड वासाचा तो काप लहान मुलाला खाऊ वाटू शकतो आणि थोडी तंबाखू गिळली तरी मुलाला विषबाधा होते. तसं घडलं तर उलटी व्हायची वाट न बघता मुलाला थेट दवाखान्यात न्यावं, आणि डबा बरोबर घ्यावा म्हणजे डॉक्टरांना काय पोटात गेलं ते कळेल.