वजन ७५० ग्रॅम, बाता ४५० वॅटच्या

गोव्यात पावसाळ्यात लाईट जाते असं कोणी म्हणू नये. ती डोळे मिचकावते. गेली म्हणेपर्यंत आलेली असते. पंख्याला तर पत्ताही लागत नाही. आमचा संगणक मात्र तेवढ्यात मान टाकतो.

एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. तो चांगला असेल तर वीज तुटल्यावरही पोटातल्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, जोरावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि तोवर यूपीएस कामाला लागतो. आमच्या म्हाताऱ्याचा कपॅसिटर फुगून वर आला होता. त्याच्यापायी जत्रेच्या नाटकाचा तिसरा अंक मी इतक्या वेळा टाईप केला, की शेवटी शेवटी खलनायकाला खराच पश्चात्ताप होऊ लागला.

एका रात्री जळका वास आला आणि म्हातारा गेला. "मामा, टेन्शन नाही," भाचा म्हणाला. "म्हापशाला सातशे रुपयांत मिळतो. साडेचारशे वॅट!" शुक्रवारच्या बाजारातून सुकी सुंगटं आणि एसएमपीएस एकाच पिशवीतून डिचोलीला आले. खोक्यावर सोनेरी गोल चिकटवलेला होता: '८५+'. आता '८० प्लस' हे खरं प्रमाणपत्र आहे, २००४ सालापासूनचं. २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता दाखवली की त्याची पहिली पायरी मिळते. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी चढण. '८५+' कोणी दिलं, हे खोक्यावर नव्हतं. भाच्याचं म्हणणं, पाचने जास्तच आहे ना!

मी लेबल वाचायला बसलो. ५ व्होल्टवर २५ अँपिअर, म्हणजे १२५ वॅट. ३.३ व्होल्टवर १८, म्हणजे ५९. आजकालचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्याच्या जिवावर जगतात त्या १२ व्होल्टवर फक्त १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. उरलेली चिल्लर १६. सगळं एकाच वेळी मिळतं असं धरलं (मिळत नाही), तरी बेरीज ३९२ च्या पुढे जाईना. साडेचारशेतले बाकीचे ५८ वॅट वाटेत करासवाड्याला उतरले असावेत.

"हलका आहे रे," मी म्हटलं. दशावतारातल्या राजाची तलवार हातात घेतल्यावर वाटतं, तसं वाटत होतं. एसएमपीएसमध्ये जड असतात ते ट्रान्सफॉर्मर, कॉईल आणि हीटसिंक, आणि पैसे वाचवायचे तर आधी तेच बारीक होतात. वजन हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, पण घरात ऑसिलोस्कोप नसताना माणसाने कुठे जावं? आम्ही नाक्यावरच्या किराणा दुकानात गेलो.

दुकानदाराने साखरेची पुडी बाजूला ठेवली. जुना चढवला: १ किलो ४०० ग्रॅम. नवा चढवला: ७५० ग्रॅम. त्याने चष्मा कपाळावर सारला, नवा डबा कानाशी नेऊन हलवला आणि निकाल दिला, "यात माल कमी भरलाय." मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "किलोला कसा?" मी गेली कित्येक वर्षं इंटरनेटवर पॉवर सप्लायची परीक्षणं वाचतोय, पण इतकं नेमकं परीक्षण कुठे वाचल्याचं आठवत नाही.

घरी येऊन पुढची परीक्षा. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली, की एसएमपीएस संगणकाशिवाय चालू होतो. भाच्याने पेपरक्लिप वाकवून घातली. पंखा फिरला. "बघा! चालतोय!" पंखा फिरतो म्हणजे पंखा फिरतो, इतकंच त्यावरून सिद्ध होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज: "रेडिओला काय झालं रे? भजनात खरखर येतेय!" क्लिप काढली, भजन स्वच्छ. क्लिप घातली, खरखर. मी जाळीतून टॉर्च मारला. विजेतला गोंधळ गाळणारी कॉईल जिथे बसायची, तिथे बोर्डावर तिचं चित्र छापलेलं होतं आणि चित्रावर वायरचे दोन तुकडे डाग देऊन बसवले होते. भाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, त्याला हाकलला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून असू शकतात, आणि बहिणीला तोंड मला दाखवायचंय.

मग संगणकाला जोडून पिवळ्या वायरवर मीटर लावला. नुसतं बसून असताना १२.१. भाच्याने गेम चालू केला: ११.६... ११.४... ११.२. पाच टक्क्यांची सूट धरून ११.४ च्या खाली जायला परवानगी नाही. पडदा काळा झाला. भाचा म्हणाला, "गेम जड आहे, मामा."

दुसऱ्या दिवशी म्हापसा. दुकानदार शांत. "सर, पॅकिंग फोडलंय, पैसे परत नाही. वर दीडशे द्या, सहाशे वॅटवाला घेऊन जा." त्याने तो हातात दिला. तेच वजन, तेच सोळा अँपिअर, स्टिकर निराळा. दीडशे रुपयांत दीडशे वॅट. निदान छपाईचा दर तरी सरळ होता. मी गुपचूप दोन हजार चारशेचा, १२ व्होल्टवर ३६ अँपिअरवाला घेतला. पिशवीचा बंद बोटांत रुतला तेव्हा बरं वाटलं.

सातशेवाला घरीच राहिला. चतुर्थीला भाच्याने त्याची पिवळी-काळी वायर एलईडीच्या पट्ट्यांना जोडली आणि गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी उजळली. चाळीस वॅटचं काम, ते तो बिनतक्रार करत होता. लेबल मुद्दाम लोकांच्या बाजूला फिरवून ठेवलं होतं. शेजारच्या काकांनी आरतीनंतर ते वाचलं, मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "साडेचारशे वॅट? बिल किती येतं हो तुम्हाला?"